कारणाचा रकाना

डंडीत, कलाशाळेच्या तळघरात,
माझी एक खिडकी आहे.
दहा ते चार, शुक्रवारी साडेचार.
खिडकीतून कॅमेरे बाहेर जातात
आणि सोमवारी, जमलं तर, परत येतात.

फॉर्मवर एक रकाना आहे: हाच कॅमेरा का?
कोणी आखला माहीत नाही. वाचत कोणी नाही.
मी वाचते.

बहुतेक पोरं कॅनन नेतात.
कारण: "सगळे नेतात."
खरं कारण माझ्या पाठीमागच्या कपाटात आहे.
कॉलेजनं कधीकाळी कॅननच्या बावीस लेन्स घेऊन ठेवल्या,
आता त्यांना जुळेल तेच धड आणावं लागतं.
लेन्स घेतली की सोयरीक झाली,
काडीमोड महाग पडतो.

फर्गसकडे निकॉन. कारण: "बाबांचा."
बाबा ॲबर्डीनच्या पुढे, भर समुद्रात, तेलाच्या फलाटावर होते.
पट्ट्याला अजून डिझेलचा वास येतो
आणि थंडीत शटर एक घटकाभर विचार करतं.

झुझाना सोनी मागते. दर शनिवारी लग्नं करते,
म्हणजे दुसऱ्यांची, फोटोपुरती.
"अंधारातही डोळा शोधतो."
शोधतो खरा, नवरीचा, न चुकता.
एकदा केकवरच्या बाहुलीचा शोधला.

इकेना फुजीवाला. म्हणतो, याचे रंग
आधीच कोणीतरी आठवून ठेवल्यासारखे असतात.
मी म्हटलं, हे लिही की.
त्यानं लिहिलं: "हलका आहे."

पहिल्या वर्षाला मी जुना पेंटॅक्स देते.
नुसतं लोखंड. आपोआप काही होत नाही.
छत्तीसातले एकतीस काळे येतात
आणि पोरं माझ्याकडे अशी बघतात
जणू उजेड मीच लपवून ठेवलाय.

सर सांगतात, कंपनी महत्त्वाची नाही, नजर हवी.
सरांच्या गळ्यात लायका असतो,
नावावर काळी चिकटपट्टी लावलेला.
त्या चिकटपट्टीवरूनच तो लांबून ओळखू येतो.

मला कोणी विचारत नाही.
सांगलीत आमच्या गल्लीत एकच कॅमेरा होता,
आणि ज्याचा होता तो हात लावू द्यायचा नाही.

फेब्रुवारीत, टे नदीवर धुकं बसलेलं असताना,
मॉर्व्हेन आली. न्यायला काही नाही,
बटणाएवढ्या तीन बॅटऱ्या आहेत का, विचारायला.
तिनं खिडकीत ठेवलं ते यंत्र मी पाहिलेलं नव्हतं.
काळं, आडवं, एका ओळीत चार डोळे.
निम्स्लो. फोटोला खोली यायची म्हणे.
फार दिवस चाललं नाही.

"कारण?" मी सवयीनं.
"आत्यानं जोडलाय."
मला वाटलं, दिलाय म्हणाली.
नाही, जोडलाय. इथंच, टाइमेक्सच्या कारखान्यात,
ब्याऐंशी साली, वय एकोणीस,
चार भिंगं एका रेषेत बसवायचं काम.
आता तिच्या हातून गेलेला तो हाच का, कोण सांगणार?
हा ग्लासगोहून आणलाय, सत्तर पौंडांना.
मॉर्व्हेन जरा थांबली. "पण जोडलाय तिनंच."

पुढं संप झाला, फाटकाला कुलूप लागलं.
आत्या शाळेच्या कँटीनमध्ये लागली
आणि कॅमेरा म्हटलं की विषय बदलू लागली.

गुरुवारी फिल्म स्कॅन झाली.
स्वयंपाकघर, किटली, आत्या.
चार चौकटी मॉर्व्हेननं पडद्यावर पळवल्या,
एक दोन तीन चार, तीन दोन एक.
किटली जागच्या जागी,
आणि आत्याची मान हलू लागली,
बारीक, या खांद्याकडून त्या खांद्याकडे,
आमच्याकडे हलते तशी,
जिचा अर्थ हो की नाही
हे मला सतरा वर्षांत इथं कोणाला समजावता आलेलं नाही.

स्कॅनरचा फॉर्म तिनं भरला.
नाव, तारीख, सही. तो रकाना तेवढा कोरा.
जाता जाता वळून म्हणाली,
बॅटऱ्या परत द्यायच्या असतात का?
मी म्हटलं, राहू देत.